दोनशे बारा केबी

रबाळ्याच्या कारखान्यात टाक्या मोजणारी
एक फाईल आहे, दोनशे बारा केबींची.
ती लिहिणारे आजगावकर कधीच सोडून गेले,
त्यांचा सोर्स ज्या डिस्कवर होता
ती तुर्भ्याच्या भंगारात किलोवर गेली.
उरली ती ही. शिजलेली, घोटलेली;
वरणातून डाळीचे दाणे
परत वेचता येतात थोडेच.

मला सांगितलंय, हिला हात लावायचा नाही.
हिच्याभोवती नव्या भाषेत एक क्लास लिही,
असा की बाहेरच्यांना वाटावं
आत सगळं आजचंच आहे.

आधी मी नावं बाहेर काढली.
बाकी सगळं यंत्राचं झालेलं, नावं तेवढी शाबूत:
उघड. मोज. मिट. थांब.
अक्षरं इंग्रजी, बोली घरची,
डबा खाता खाता ठेवल्यासारखी.

पहिले दोन दिवस ती नुसती कोसळायची.
काय चुकलं ते सांगायची नाही.
माझ्या भाषेतलं ओरडणं तिला येत नाही,
ती सरळ प्राण सोडते
आणि जाताना मलाही घेऊन जाते.
मग कळलं, तिच्या रचनेतले
तीन रिकामे बाइट मी धरलेच नव्हते.
एक अक्षर, मग तीन बाइट काही नाही, मग आकडा.
ते काही-नाहीसुद्धा
मोजून द्यावं लागतं.

तिसऱ्या दिवशी नवं दुखणं:
चाळीस मिनिटं छान चालायची, मग खलास.
मी तिला माझ्याकडचा एक निरोप्या दिला होता,
टाकी भरली की याला हाक मार म्हणून,
आणि देऊन विसरले.
माझ्या बाजूची सफाई फार कडक.
कुणी धरून ठेवलं नाही, की तो केर.
त्याला झाडून नेलं. ती हाक मारायची
आणि त्या पत्त्यावर कुणीच नसायचं.
आता क्लासमध्ये एक ओळ आहे
जी काहीच करत नाही,
त्याचा हात धरून बसते.

थांब मात्र कशाला, ते कळेना.
एक आकडा घेतं, परत काही देत नाही.
त्याला न बोलावताही मोज चालायचं,
फक्त चार नंबरच्या टाकीत
रोज सहाशे लिटर जास्त.

म्हणून हेल्मेट घालून गेले
भोईरांच्या मागे, शिडीवर.
पारसिकच्या डोंगरावर अजून ऊन होतं,
खाली शेडमधले दिवे लागलेले.
त्यांच्या हातात पितळी वजनाची पट्टी.
झाकण उघडलं
आणि ते नुसते उभे राहिले.
"मोजा ना, काका."
"साबनाची टाकी हाय ती, बाय. भरली का फुगतं.
फेस बसू दे."
खाली कुठलासा टँकर मागे येत होता, टूं टूं करत.
आम्ही दोघं वाकून पांढऱ्याकडे बघत राहिलो.
मी मनगटावर मोजले,
नव्वद सेकंद.
मग त्यांनी पट्टी सोडली.

त्या रात्री लिहिलं: थांब, नव्वद. मग मोज.
आकडा पट्टीशी जुळला,
दोन लिटर इकडे तिकडे.
कोण जाणे, आजगावकरही
याच शिडीवर, याच भोईरांच्या मागे,
की भोईरांच्या आधी जो कुणी असेल त्याच्या.

बंगळुरूहून निरोप आला, नावं इंग्रजी ठेवा.
उघडचं ओपन झालं, मिटचं क्लोज.
थांबला आत ठेवलं, खाजगी,
बाहेरून दिसत नाही अशा जागी
आहे त्याच नावाने.

आता तक्रार आली आहे, क्लास फार हळू.
साधा एक आकडा द्यायला दीड मिनिट.
कारण विचारलंय.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं
फेस.